हनुवटीच्या ऑपरेशननंतर ओठ बधीर राहिलाय? काजळ पेन्सिल घ्या आणि मोजायला लागा

ऑपरेशनला चार आठवडे झाले होते, ऐरोलीच्या ऑफिसात कँटीनमध्ये बसलेलो, डब्यात मऊ वरणभात. समोरच्या मित्राने स्वतःची हनुवटी पुसली. मग परत पुसली. तिसऱ्यांदा पुसली तेव्हा मला वाटलं याला काहीतरी चावलंय. शेवटी तो म्हणाला, "अरे तुझ्या हनुवटीवर शीत आहे, मघापासून." एक नाही, तीन शीतं होती, आणि वरणाचा एक ओघळ पार कॉलरपर्यंत गेलेला. मला काही म्हणजे काही कळलं नव्हतं.

माझी जेनिओप्लास्टी झाली, संक्रांतीनंतर दहा दिवसांनी. हनुवटी लहानपणापासून आत गेलेली, तर खालच्या जबड्याच्या हाडाचा पुढचा तुकडा कापून पुढे सरकवतात आणि टायटॅनियमची पट्टी आणि स्क्रू लावून बसवतात. सगळं तोंडाच्या आतून, बाहेर एक टाका नाही. आमच्या आईचं म्हणणं देवाने दिलेलं तोंड काय वाईट होतं, तो वेगळा विषय. हॉस्पिटल नवी मुंबईतलं, नाव घेत नाही, काम चांगलं केलं त्यांनी, पण डिस्चार्जच्या कागदावर बधीरपणाबद्दल एकच ओळ होती, की हळूहळू कमी होईल. किती हळू, कमी होतंय हे ओळखायचं कसं, तोपर्यंत काय करायचं, काही नाही. ते सगळं मी पुढच्या वर्षभरात डॉक्टरांना पिडून, वाचून आणि स्वतःच्या तोंडावर करून शिकलो. मी डॉक्टर नाही, त्यामुळे औषधाचं काही असेल तर तुमच्या सर्जनलाच विचारा, पण घरी काय करायचं ते मी नीट सांगू शकतो.

आधी कुठली नस ते समजून घ्या

आपण मराठीत नस म्हणतो तेव्हा रक्ताची शीर पण नस आणि ही पण नस, तर इथे विषय संवेदना वाहून नेणाऱ्या नसेचा आहे. चेहऱ्याची जाणीव मेंदूपर्यंत नेणारी मुख्य नस म्हणजे ट्रायजेमिनल, तिच्या तीन फांद्या, एक कपाळाकडे, एक गालाकडे, एक खालच्या जबड्याकडे. खालची फांदी जबड्याच्या हाडातल्या बोगद्यातून पुढे येते, दातांना जाणीव देत देत, आणि खालच्या उपदाढांच्या खाली हाडाला एक भोक असतं तिथून बाहेर पडते. या शेवटच्या भागाला मेंटल नर्व्ह म्हणतात. मेंटल म्हणजे डोक्याचं नव्हे, लॅटिनमध्ये हनुवटीला मेंटम म्हणतात म्हणून (माझ्या मामाला हे समजावताना अर्धा तास गेला, त्याला वाटलं भाच्याला मानसिक काहीतरी झालंय). खालचा ओठ, हनुवटीची कातडी आणि पुढची हिरडी, हे तिघं या नसेचे.

यात एक गंमत अशी की ही नस भोकातून बाहेर पडायच्या आधी हाडात थोडी खाली आणि पुढे जाऊन मग वळून वर येते. म्हणून सर्जन हाड कापताना भोकाच्या निदान पाच-सहा मिलिमीटर खालून कापतात. ऑपरेशन अजून व्हायचं असेल तर सीबीसीटी स्कॅनवर (जबड्याचा थ्रीडी एक्स-रे) हा बोगदा दाखवायला सांगा. मी विचारलं नव्हतं. विचारायला हवं होतं.

हनुवटीच्या ऑपरेशनमध्ये नस कापायची नसतेच, पण काम करताना ती बाजूला धरावी लागते, ताणली जाते, वर सूज येऊन दाबते. नुसती हनुवटी केली असेल तर बहुतेकांची जाणीव बऱ्यापैकी परत येते. त्यासोबत अख्खा खालचा जबडा मागेपुढे केला असेल तर हाड नसेच्या बोगद्याच्या बाजूनेच उभं चिरतात, तिथे बधीरपणा जास्त असतो, जास्त दिवस टिकतो आणि थोडासा कायमचा राहायची शक्यताही जास्त.

बाकीच्या ऑपरेशनांचं थोडक्यात सांगतो. वरचा जबडा किंवा गालाचं इम्प्लांट असेल तर गाल, नाकाची बाजू, वरचा ओठ बधीर होतो. कपाळ वर ओढलं असेल तर डोक्याची कातडी, आणि त्यांना म्हणे अशी खाज येते की खाजवलं तरी खाजवल्याचं कळत नाही. नाकाच्या ऑपरेशनमध्ये नाकाचा शेंडा. फेसलिफ्टमध्ये कानाची पाळी आणि कानाखालचा भाग, ती नस तर ट्रायजेमिनलची पण नाही, मानेतून वर येते, आणि त्या बायकांनी कानातलं घालताना आणि हेअर ड्रायर वापरताना जपायचं, कारण चटका कळत नाही.

आणि हे नीट वाचा: बधीर वाटणं वेगळं आणि हालचाल न होणं वेगळं. ओठ हलवणारी नस दुसरी, तिला फेशिअल नर्व्ह म्हणतात. आरशासमोर खालचे दात दाखवा, शिट्टी मारल्यासारखे ओठ करा, गाल फुगवा. दोन्ही बाजू सारख्या हलतायत आणि फक्त कळत नाही, तर प्रश्न जाणिवेचा. एक बाजू खाली जात नाही, हसताना ओठ वाकडा होतो, तर सर्जनला त्याच दिवशी फोन करा. आणि ऑपरेशनला महिने उलटून गेल्यावर कधी अचानक तोंड वाकडं झालं, हात उचलेना, बोलणं अडखळलं, तर ते जुन्या ऑपरेशनच्या खात्यावर टाकून घरी बसू नका, सरळ मोठ्या हॉस्पिटलची इमर्जन्सी.

किती दिवस लागणार

ब्रिटिश सर्जन सेडन यांनी १९४३ मध्ये, युद्धातल्या जखमा बघून, नसेच्या इजेचे तीन प्रकार सांगितले आणि आजही डॉक्टर तेच वापरतात. मी ते घरच्या वायरिंगवरून लक्षात ठेवलंय. पहिला प्रकार, वायर चेपली गेलीय पण आत सगळं शाबूत, करंट तेवढा अडलाय. हे काही दिवसांत ते दोन-तीन महिन्यांत आपोआप सुटतं. दुसरा, आतली तांब्याची तार तुटलीय पण बाहेरची नळी धड आहे, मग नवी तार त्याच नळीतून वाढत वाढत पुढे येते. तिसरा, वायर नळीसकट तुटली. ती आपली आपण जुळत नाही, जुळवायला पुन्हा ऑपरेशन लागतं.

दुसऱ्या प्रकारात वाढीचा वेग ढोबळमानाने दिवसाला एक मिलिमीटर. माझ्या तोंडावर मी पट्टीने मोजलं, उपदाढेखालच्या त्या जागेपासून हनुवटीच्या मध्यापर्यंत साधारण तीन सेंटिमीटर, म्हणजे हिशोबाने तीस दिवस. पण असं होत नाही, कारण वाढ सुरू व्हायलाच काही आठवडे जातात आणि कातडीपर्यंत पोचल्यावर पण जोडणी व्हायला वेळ लागतो. त्यामुळे तीस दिवसांचे तीन-चार महिने सहज होतात. जबडा मागून कापला असेल तर अंतरच दुपटीहून जास्त, तिथे हिशोब अजून लांबतो. सहा महिने ते वर्ष हा काळ डॉक्टर सगळ्यांनाच सांगतात, दीड वर्षापर्यंत पण थोडा थोडा फरक पडत राहतो. म्हणून पहिल्या आठवड्यात रोज सकाळी उठून ओठाला चिमटे काढून बघू नका. मी काढायचो, निळं पडलेलं, बायको ओरडली.

वय वाढलं की हे हळू होतं, चाळिशीनंतर जास्तच. शुगर असेल तर ती ताब्यात ठेवा, सिगारेट बंद. आणि आपल्याकडे शाकाहारी घरांत बी१२ कमी असतं ते आधीच तपासून घ्या, कारण ते कमी असेल तर नसा तशाही कुरकुरतात.

पहिले सहा आठवडे: मोडतोड टाळायची

या काळात शिकायचं-बिकायचं काही नाही, बधीर जागेला इजा होऊ द्यायची नाही एवढंच. दाढ काढायच्या इंजेक्शननंतर दोन तास कसं वाटतं, तसं चोवीस तास, फक्त इथे दोन तासांनी उतरत नाही.

चहा. आपला सगळ्यात मोठा शत्रू. ओठाला गरम कळत नाही पण जिभेला आणि वरच्या ओठाला कळतं, म्हणून कप आधी वरच्या ओठाला टेकवा किंवा बोट बुडवून बघा, लोक बघतात तर बघू देत. टपरीवरचा कटिंग सहा आठवडे विसरा, तो काचेचा ग्लास ओठाला लावला की भाजलेलं दुसऱ्या दिवशी फोड आला की कळतं. मी स्टीलच्या पेल्यात कोमट करून प्यायचो, चव गेली पण कातडी वाचली.

बर्फ. सूज उतरायला पहिले दोन-तीन दिवस बर्फ सांगतात, पण तो थेट लावायचा नाही, जाड नॅपकिनमध्ये गुंडाळून, घड्याळ लावून, दहा-पंधरा मिनिटं, मग काढायचा. नेहमी आपण दुखायला लागलं की काढतो ना, इथे दुखणारच नाही, त्यामुळे घड्याळच पाहिजे. शेकाचंही तसंच, गरम पाण्याची पिशवी बधीर जागेवर ठेवून झोपायचं नाही.

खाणं. सुरुवातीचे दिवस पेज, ताक, नाचणीची आंबील, गाळलेलं सूप, मग मऊ खिचडी, पिठलंभात, आणि पुढे डॉक्टर सांगतील तसं. बधीर ओठ दातांमध्ये येतो आणि आपण तो घासासोबत चावतो, रक्ताची चव आली की कळतं. म्हणून छोटे घास, टीव्ही बंद, आणि पहिले काही आठवडे समोर छोटा आरसा ठेवून जेवा. खरंच ठेवा. मी डब्याच्या बॅगेत बायकोचा पावडरचा आरसा ठेवायला लागलो, तो शीतांचा प्रसंग झाल्यावर. खाल्ल्यावर ओठ आणि हिरडीच्या मधल्या खोबणीत अन्न साठतं आणि पत्ता लागत नाही, तिथेच आतले टाके असतात, तर डॉक्टरांनी दिलेल्या माउथवॉशने खळखळून चूळ भरायची. खालचे पुढचे दात लाकडाचे बसवल्यासारखे वाटतात, ते पण याच नसेच्या हाडातल्या फांदीमुळे, घाबरू नका.

दाढी. ब्लेड कातडीवर फिरताना कळायचं नाही, नुसता करकर आवाज यायचा, जणू शेजारच्याची दाढी चाललीय. पहिल्याच वेळी दोन ठिकाणी कापलं. त्यानंतर तीन महिने ट्रिमर.

आणि हेल्मेट. हे कुणी सांगत नाही. मी घोडबंदर रोडवरून स्कूटरने येतो, हनुवटीखालचा पट्टा नेहमीसारखा ओढून बांधला आणि घरी येऊन बघतो तर पट्ट्याच्या कडेने कातडी सोलून लाल. अर्धा तास घासत होता आणि मला खबर नाही. अर्थात मुळात हाड जुळेपर्यंत, साधारण सहा ते आठ आठवडे, स्कूटरला हात लावू नका, मी पाचव्या आठवड्यात लावला, मूर्खपणा होता. तोपर्यंत ट्रेन बरी. ठाण्याहून वाशीची ट्रान्सहार्बर पकडा आणि गर्दीत कुणाचं कोपर तोंडावर येणार नाही अशी जागा धरा, म्हणजे दारात नाही, आत.

काजळ पेन्सिलचा नकाशा

आता मुद्द्याचं. सगळ्यात वाईट काय असतं तर रोज बघितलं की रोज तेच वाटतं, मूल मोठं होताना आईबापाला दिसत नाही तसं. मला दोन महिने ठाम वाटत होतं की काडीचा फरक नाही, आणि नकाशे शेजारी ठेवले तेव्हा कळलं की उजवा ओठ जवळजवळ पूर्ण परत आलाय.

करायचं असं. महिन्यातून एकदा, एकच तारीख ठरवा, मी पंधरा धरली. सकाळी तोंड धुऊन, चांगल्या उजेडात आरशासमोर बसा. कापसाच्या काडीचा थोडा कापूस मोकळा करून त्याचं टोक एकदम हलकं करा. जिथे नीट कळतंय तिथून सुरू करा, गालावरून, आणि हळूहळू बधीर जागेकडे या. जिथे स्पर्श बदलला, म्हणजे पुसट झाला किंवा गेला, तिथे काजळ पेन्सिलने ठिपका. परत दुसऱ्या बाजूने. खालून, वरून, आठ-दहा दिशांनी. मग ठिपके जोडा. आत एक बेट तयार होतं. समोरून, डावीकडून, उजवीकडून तीन फोटो काढा, शेजारी पट्टी धरून, आणि फोनमध्ये वेगळा फोल्डर करा. माझ्या पहिल्या नकाशात बेट नव्हतंच, अख्खा खंड होता, खालच्या ओठाच्या एका कोपऱ्यापासून दुसऱ्यापर्यंत आणि खाली हनुवटीच्या कडेपर्यंत.

मग बेटाच्या आत चार गोष्टी बघायच्या आणि प्रत्येकीला शून्य ते दहा मार्क द्यायचे, शून्य म्हणजे काही नाही, दहा म्हणजे वरच्या ओठाइतकं. एक, कापूस लागलेला कळतो का. दोन, काडी फिरवली तर डावीकडून उजवीकडे गेली की उलट, हे डोळे मिटून सांगता येतं का, यासाठी घरातलं कुणीतरी लागतं. तीन, एक चमचा फ्रिजमधला आणि एक कोमट पाण्यातला, कुठला गार ते कळतं का. कोमट म्हणजे कोमट, हातावर बघून. चार, दोन टोकं. पेपर क्लिप उघडून यू आकार करा, दोन्ही टोकं एकाच वेळी हलकी टेकवा. चांगल्या ओठावर अगदी चार-पाच मिलिमीटर अंतरावरही दोन टोकं वेगळी कळतात, बधीर जागी सेंटिमीटरभर लांब नेली तरी एकच वाटतं. कंपासपेटीतला डिव्हायडर वापरू नका, टोचलं तर कळणार नाही हाच तर प्रॉब्लेम आहे.

साधारणपणे दुखणं आणि गार-गरम आधी परत येतं, हलका स्पर्श आणि दिशा नंतर. माझंही तसंच झालं, सहाव्या आठवड्यात गार चमचा कळला, कापूस कळायला चौथा महिना उजाडला.

हे फोटो फॉलोअपला घेऊन जा. मी पहिल्यांदा दाखवले तेव्हा डॉक्टर हसले, मग झूम करून बघायला लागले. त्याआधी आमचं बोलणं "कसं वाटतंय?" "तसंच आहे" एवढंच व्हायचं.

झिणझिण्या सुरू झाल्या की

मुंग्या येणं, करंट बसल्यासारखं, ओठातून किडा चालल्यासारखं, अचानक खाज. हे सुरू झालं की लोक घाबरतात, मी पण घाबरलो, रात्री दोनला उठून बसलो होतो. पण ही बहुतेक वेळा चांगली बातमी असते, नसेत काहीतरी हालचाल चाललीय. उपदाढेच्या खाली बाहेरून बोटाने हलकं टकटक केलं आणि करंट ओठाकडे पळाला तर त्याला टिनेल साइन म्हणतात, पहिल्या महायुद्धात जखमी सैनिक तपासणाऱ्या फ्रेंच डॉक्टरांच्या नावावरून. नवी वाढणारी टोकं टकटक केल्यावर अशी ओरडतात.

चांगली नसलेली गोष्ट म्हणजे आग. नुसता वारा लागला, उशी लागली, तरी जळतंय किंवा सुरी फिरल्यासारखं दुखतंय, आणि दिवसेंदिवस वाढतंय, तर ते झिणझिण्यांच्या खात्यात टाकू नका. नसेच्या दुखण्यावर साध्या वेदनाशामक गोळ्या फारशा चालत नाहीत, त्याला प्रीगॅबालिन, गॅबापेंटिनसारखी वेगळी औषधं असतात आणि ती डॉक्टरच देणार, गुंगी येते त्यांनी.

औषधांचा विषय निघालाच आहे तर, मेथिलकोबालामिनची, म्हणजे बी१२ची, गोळी आपल्याकडे बधीर म्हटलं की लिहून देतातच. बी१२ कमी असेल तर उपयोग नक्की, नसेल तर फार चमत्काराची अपेक्षा नको. पण केमिस्टकडून स्वतःच्या मनाने दोन-तीन प्रकारच्या बी कॉम्प्लेक्स एकत्र घेऊ नका, कारण त्यातलं बी६ जास्त डोसमध्ये बरेच दिवस गेलं तर तेच नसांना इजा करतं. म्हणजे बधीरपणावर घ्यायला गेलो आणि हातपाय पण बधीर.

मेंदूची शिकवणी

१९३७ मध्ये वाइल्डर पेनफिल्ड या माँट्रियलच्या न्यूरोसर्जनने मेंदूवर शरीराचा नकाशा कसा पसरलाय ते दाखवलं, त्यात ओठांना आणि हातांना अवाच्या सवा जागा, पाठीला चिमूटभर. ओठाकडून निरोप यायचे बंद झाले की मेंदूतली एवढी मोठी जागा गोंधळते, आणि नवी तार आली तरी निरोप जुन्या पत्त्यावर जात नाहीत. ओठाला हात लावला की हनुवटीला लावल्यासारखं वाटतं ते त्यामुळेच. तर मेंदूला नवे पत्ते शिकवायचे, याला सेन्सरी रीट्रेनिंग म्हणतात. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठातल्या लोकांनी २००७ मध्ये जबड्याच्या ऑपरेशनच्या पेशंटवरचा अभ्यास छापला, ज्यांनी हे व्यायाम केले त्यांना उरलेल्या बधीरपणाचा त्रास कमी जाणवला. नस यामुळे भराभर वाढते असं कुणी म्हणत नाही, जी जाणीव आलीय ती कामाला येते.

फिजिओची गरज नाही, घरी होतं. दिवसातून दोनदा, पाच-पाच मिनिटं, दात घासून झाले की लगेच, म्हणजे विसरत नाही. आतले टाके भरल्यावर आणि सर्जनने हो म्हटल्यावरच सुरू करा.

मऊ मेकअप ब्रश घ्या. आरशात बघत आधी चांगल्या जागेवर, गालावर किंवा वरच्या ओठावर, फिरवा आणि ते कसं वाटतं ते मनात धरा. मग तीच हालचाल बधीर जागेवर, बघत बघत, आणि स्वतःला सांगा की आत्ता डावीकडून मध्यावर आला. मग डोळे मिटून तेच. मग परत उघडे. सुरुवातीला नुसतं लागलं की नाही एवढंच ओळखायचं, महिनाभराने थांबलाय की फिरतोय, आणि तीनेक महिन्यांनी कुठल्या दिशेला फिरतोय. घाई करून शेवटच्या पायरीवर उडी मारू नका, काही येत नाही आणि चिडचिड होते.

ब्रशचा कंटाळा आला की घरातल्या वस्तू. टर्किशचा टॉवेल, धुतलेली सुती साडी, मोरपीस, जुना मऊ टूथब्रश, कोथिंबिरीची काडी. माझी तीन वर्षांची मुलगी हा खेळ समजून रोज काहीतरी घेऊन यायची, बाबा ओळख. एकदा डोळे मिटून मी छातीठोकपणे मोरपीस म्हणालो, तर ती भिजवलेली सुपारीएवढी कणीक होती. हसून हसून लोळली. त्याच आठवड्यात पहिल्यांदा तिने हनुवटीची पापी घेतली ती मला कळली, ओलसर आणि थोडी उशिरा, म्हणजे ती बाजूला झाल्यावर.

बोलण्याचंही थोडं सांगतो. प, फ, ब, भ, म या अक्षरांना ओठ लागतात, सुरुवातीला ते बोबडे निघतात, मित्र म्हणायचे प्यायलायस का. गडकरी रंगायतनसमोरून तलावपाळीला फेरी मारताना मी मुलीची बडबडगीतं मोठ्याने म्हणायचो, मासुंदा तलावाला दोन चकरा म्हणजे वीसेक मिनिटं सराव. लोक वळून बघतात. ठाण्यात कोणी कोणाला विचारत नाही.

कुठल्या वेळी गप्प बसायचं नाही

पहिल्या तीन महिन्यांत नकाशा जराही हलला नाही, मार्क सगळीकडे शून्य, टोचलं तरी काही नाही, झिणझिण्यासुद्धा नाहीत, तर "अजून वाट बघू" यावर समाधान मानू नका. तपासणी मागा, नसांच्या मायक्रोसर्जरीचं काम करणाऱ्या मॅक्सिलोफेशिअल (जबडा आणि चेहऱ्याच्या) सर्जनचं दुसरं मत घ्या. नस खरंच तुटली किंवा स्क्रूखाली दाबली असेल तर ती दुरुस्त करायचं ऑपरेशन पहिल्या तीन ते सहा महिन्यांत केलं तर जास्त फायदा होतो, वर्ष उलटल्यावर हातात फारसं राहत नाही. आणि इथे आपला भिडस्तपणा नडतो, ज्या डॉक्टरने ऑपरेशन केलं त्याला कसं विचारायचं. विचारायचं. "डॉक्टर, तीन महिन्यांचे फोटो आहेत, यात काही हललं नाही, नर्व्ह एक्स्प्लोर करायची, म्हणजे उघडून बघायची, गरज आहे का?" एवढं वाक्य पाठ करून जा. स्कॅनची सीडी आणि ऑपरेशनच्या नोट्सची कॉपी मागून घ्या, तुमचा हक्क आहे.

आलेली जाणीव परत जायला लागली, सूज नव्याने आली, पू, ताप, तोंडात घाण चव, हे असेल तर महिन्याच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी दाखवा.

माझं सांगायचं तर चौदाव्या महिन्यात बेट उरलं हनुवटीच्या डाव्या बाजूला, दहा रुपयाच्या नाण्याएवढं. आत अगदीच शून्य नाही, चार-पाच मार्क, जाड मोजा घातल्यासारखं. दाढी ब्लेडने करतो, कटिंग पितो, मामलेदारची मिसळ झाली खाऊन, फक्त त्या नाण्यावर तर्री सांडली की अजूनही टिश्यू सोबत लागतो. तिथलं मोजणं कधी बंद करायचं हे मी डॉक्टरांना विचारलं, ते म्हणाले ओळीने तीन महिने रेघ हलली नाही की थांब, पुढे सहा महिन्यांनी एकदा बघ. दोन महिने हललेली नाही. तिसरी पंधरा तारीख पुढच्या मंगळवारी आहे.